वडिलांनी जोडलेली केबल
काल पंख्याच्या वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळताना तिचा रबरी वास आला आणि टेंभुर्णीच्या घरातली जूनमधली ती दुपार आठवली. गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. धाकट्या बहिणीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म पाचच्या आत भरायचा होता, आणि कॉम्प्युटरला राउटरच सापडेना. दोघांमधली केबल उंदरानं कुरतडली होती आणि वडिलांनी ती सकाळी काळी चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती, हे कळताच मी भडकलो. "ही काय विहिरीवरची मोटार आहे? कळत नाही त्यात हात कशाला घालता?" स्वतः चौथी शिकून मला कॉलेजात घालणारे वडील म्हणाले, "रंगाला रंग लावून बराबर जोडली, बाबा." मी पट्टी ओरबाडून सगळा जोड उपटला. बहीण रडायला लागली. वडिलांनी केबलच्या आतल्या आठही तारा दातांनी सोलून पुन्हा जोडल्या. राउटरचा दिवा लागला, तरी कॉम्प्युटर ढिम्मच. तेव्हा कुठं मी सेटिंग उघडलं. आदल्या दिवशी ऐटीत मीच कॉलेजच्या लॅबमधला आयपी नंबर, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, तिथं टाकून ठेवला होता; घरच्या राउटरला तो चालणारच नव्हता. तो काढताच राउटर सापडला आणि पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला. "माझाच जोड कच्चा होता, न्हाई का?" वडिलांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. पुढं कित्येक दिवस ते पाहुण्यांना हसत सांगायचे, "म्या वायर बिघडवून ठेवल्ती, मंग पोरानं दुरुस्त केली." मी शेजारी बसून ते ऐकून घ्यायचो. आज त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.