बाईंना इंचू चावलाय

नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवत होते. बारामतीहून सकाळच्या एसटीनं निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि कॅनॉलच्या कडेकडेनं चालत जायचं. पहिली-दुसरीची एकवीस पोरं आणि मी एकटी, एवढीच शाळा.

एकदा दुसरीतल्या एका मुलीची आजी घरात चक्कर येऊन पडली. आईबाप उसात. पोरगी दुपारभर वहीनं आजीला वारा घालत बसली. नशिबानं आजी बचावली. मी मुलीला विचारलं, "अगं, कुणाला हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, निजलीया," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरांना पाढे येतात, कविता येतात, पण मदत मागता येत नाही. वस्तीवर फोन एकच, शाळेशेजारच्या दूध डेअरीत. डेअरी सांभाळणाऱ्या तात्यांना मी म्हटलं, "अडीनडीला पोरांना फोन करू द्याल ना?"

"द्यीन की. पर बाई, मलाच त्यो अजून धड लावता येत न्हाय."

इंदापूरच्या डॉक्टरांचा नंबर मी फळ्याच्या वर लिहिला आणि रोज पाढ्यासारखा म्हणून घेऊ लागले. डस्टर हा फोन, डॉक्टर मी. पहिला मान पहिलीतल्या सगळ्यात चिमुरड्या मुलीला दिला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"आवो मी! दिसत न्हाय व्हय?"

वर्ग हसला. मी पुन्हा सुरुवात केली, तर ती म्हणाली, "हॅलो, जेवला का?" आधी काम सांगायचं, असं मी समजावलं. तिला ते पटेना. "आसं एकदम कसं मागायचं, बाई?" घर कुठं आहे विचारलं तर, "रेडा बांधलाय, तितनं वळायचं."

मग मी नियम केले. नाव सांगायचं, काय झालं ते सांगायचं, ठिकाण सांगायचं. खूण म्हणून जनावर सांगायचं नाही, ते जागचं हलतं. समोरचा 'ठेव' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही, रडलं की बोललेलं कळत नाही. महिनाभर हेच चाललं होतं. मला वाटायचं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मार्च सरत आला होता. कोपऱ्यातली बसकरपट्टी मी उचलली आणि बोटात आग शिरली. खाली तांबडा विंचू. मी अशी किंचाळले की बाहेरच्या शेळ्या उधळल्या. हात धरून मी खाली बसले आणि चक्क भोकाड पसरलं. फोन, नंबर, नियम, काहीही आठवेना. तोंडात फक्त "आई गं!"

एकवीस पोरं गोल करून उभी राहिली. चिमुरडी पुढं आली.

"बाई, रडू नगा. बोललेलं कळत न्हाय. डावा हात का उजवा?"

"उजवा गं, उजवा!"

एवढं ऐकून ती पळाली.

पुढचं मला तात्यांनी सांगितलं. फोन लावायला ते उठले तर हिनं त्यांना अडवलं. "नंबर मला येतूय, तुमी नुसतं फिरवा." टेबलाला हात पुरेना, म्हणून तात्यांनी तिला खुर्चीवर उभं केलं. तिनं नंबर म्हटला, तात्यांनी फिरवला. मग ती स्वतःचं नाव पूर्ण, वडलांच्या नावासकट बोलली. "आमच्या बाईंना इंचू चावलाय. उजव्या हाताला. तांबडा हाय. साळंत या, कॅनॉलच्या पुलाजवळ. रेडा बी हाय तितं, पर त्यो सांगायचा न्हाय."

अर्ध्या तासात डॉक्टरांची जीप आली. तोवर मला दरदरून घाम फुटला होता, हातपाय गार पडले होते. त्यांनी तिथंच इंजेक्शन दिलं आणि जीपमध्ये घालून इंदापूरला नेलं. उशीर झाला असता तर अवघड होतं, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"पण बाई, ती पोरगी कोण? सगळं कळलं म्हणून मी निघायला लागलो, तर मलाच दटावते, 'ठेव म्हना की, त्याबिगर मला ठिवता येत न्हाय!' बरं, ठेव म्हटलं, तर म्हणते, 'जेवला का?'"

मला हसता हसता रडू आलं. या वेळी बोटाचं दुखणं नव्हतं.

चार दिवसांनी मी शाळेत गेले. वाटेत ठरवलं होतं, तिला सगळ्यांसमोर उभी करून शाबासकी द्यायची. ती दारातच भेटली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं मूठ पुढं करून उघडली. तळहातावर एक इवलासा दात होता.

"काल पडला," ती म्हणाली. "रगात बी आलं व्हतं!"

मग त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आधी तो दात पाहिला.