उंबरे कापायचं मशीन

घर बांधताना मी सुताराला सांगितलं होतं, "प्रत्येक दाराला उंबरा बसवा. चांगला चार बोटं उंच."

हे म्हणाले, "पुढच्या दाराला ठेव की एक. आत कशाला? घर हाय का किल्ला?"

पण एका अडत्याच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन मी त्यांचे सागवानी उंबरे बघून आले होते. निऱ्या उचलून एकेक उंबरा ओलांडताना मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं होतं. मग काय, आमच्या तीन खोल्यांच्या घरात मोरीच्या दारालासुद्धा सागवानी उंबरा बसला. लोकांना मी सांगायचे, उंबऱ्यामुळे लक्ष्मी बाहेर जात नाही. ती आत कधी आली होती, हे माझ्यासारख्या बयेला कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हे चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, मागांची दुरुस्ती बघायचे. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचे. आता वॉकर धरून पलंगापासून मोरीच्या दारापर्यंत जायचे आणि तिथे थांबायचे. उंबऱ्यावरून वॉकर जात नव्हता. मग मला हाक. मी बगलेत हात घालून ह्यांना पलीकडे घ्यायचे, तेव्हा हे भिंतीकडे बघत राहायचे. ह्यांना दुसरं काही नको होतं. मोरीत आपलं आपण जाता यावं, एवढंच.

सुतार बोलावला. त्याने उंबरा चाचपून बघितला. "काकू, ह्याची दोन्ही टोकं चौकटीत हायत. करवत फिरवायला जागा न्हाय. छिन्नी मारली तर फरशी फुटंल. एक बॅटरीवरचं मशीन येतं बघा, पातं नुसतं थरथरतं. ते फरशीला लावून आडवं धरलं तरी कापतं. माज्याकडं न्हाय ते."

दुकानात जाऊन बघून आले. मुठीत मावेल असं मशीन, पुढे कलथ्यासारखं चपटं पातं. खोक्यात नुसतंच मशीन. बॅटरी वेगळी घ्यायची, चार्जर वेगळा. मला न घ्यायला निमित्तच मिळालं. फोनवर लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, चार उंबऱ्यांसाठी मशीन? मग काय भाजी चिरणारेस त्यानं?" आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात पितृपंधरवडा लागला. त्यात नवी वस्तू घेत नाहीत. आणि उंबरा कापायचा तो ह्या दिवसांत? मी म्हटलं, पंधरवडा सरू दे.

त्याच पंधरवड्यात एका दुपारी माझा डोळा लागला होता. मला उठवायला नको म्हणून ह्यांनी वॉकर उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवला आणि मागोमाग पाय उचलला. तो पुरता उचलला गेला नाही. खुब्याचं हाड मोडलं.

हे दवाखान्यात असताना मी जाऊन मशीन आणलं. पंधरवडा अजून सरला नव्हता. पितरांनी काही म्हटलं नाही. वॉकर मात्र तेव्हापासून माळ्यावर आहे. आता चाकांची खुर्ची.

गल्लीतल्या बायका विचारतात, घ्यावं का हो तसलं मशीन? घरात रोजचं सुतारकाम नसेल तर घेऊ नका म्हणते. सरळ फळी साध्या करवतीने त्याच्यापेक्षा लवकर कापून होते. जुन्या सागवानाला ते धूर काढतं. आत खिळा लागला की लाकडाच्या पात्याचे दात जातात, म्हणून लोखंडही कापणारं पातं मागून घ्यावं. एका बॅटरीत एक उंबरा होत नाही. हाताला मुंग्या येतात, त्या जेवताना घासातसुद्धा जाणवतात. पण जिथे दुसरं काहीच शिरत नाही तिथे ते शिरतं. तशी जागा तुमच्या घरात असेल तर घ्या. आणि लगेच घ्या.

मोरीचा उंबरा कापायला बसले तेव्हा हे मागे खुर्चीत होते. मी सगळा जोर लावला होता.

"दाबू नको," हे म्हणाले. जीभ अजून जड आहे. "आवाज बसतोय."

हात सैल केला. आवाज मोकळा झाला, भुसा पडायला लागला.

"हां. आता त्याला कापू दे. तू नुसती धर."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला त्यांचं काम कधी शिकवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या दाराचा उंबरा शेवटी राहिला. त्याच्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर. मशीन मांडीवर घेऊन मी नुसतीच बसले.

"अहो, कापू का?"

"मोरीचा कापताना इचारलं न्हाईस."

कापला. हळदीचा तो तुकडा टाकवेना, देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवला. मग खुर्ची ढकलत ह्यांना बाहेर ओट्यावर नेलं. चाकं इकडून तिकडे गेली, गचका बसला नाही. समोरच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालू होते. हे थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग मान वळवून दार खालपासून वरपर्यंत बघितलं, माग बघायचे तसं. मला वाटलं, आता शाबास म्हणतील.

म्हणाले, "बरं झालं. मला न्यायला येतील त्या चौघांना आता ठेच लागायची न्हाय."