नऊ इंचांचा फुटपाथ

"सोमवारपासून कोळणी बाजाररस्त्यावर नकोत. खाडीच्या कडेनं वळसा घालून जाऊ देत," असं म्हणत चीफ ऑफिसरसाहेबांनी ऑर्डरचा मसुदा माझ्यापुढे टाकला. आदल्या दिवशी चांगुणाबाई कोळणीला एस.टी.चा धक्का लागला होता. कोपर फुटलं, मासळी रस्ताभर झाली. साहेबांचं म्हणणं, फुटपाथ असताना या बाया रस्त्याच्या मधून चालतातच का?

मी तेव्हा, एकोणीसशे पन्नासच्या दशकात, पनवेल नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. रस्ते-गटारांची कामं करून घेणारा माणूस. तो फुटपाथ माझाच. बैलगाडीचं चाक वर चढू नये म्हणून कर्ब, म्हणजे कडेचा दगड, मी चांगला नऊ इंच उंच घेतला होता. काम फर्स्ट क्लास होतं, आजही सांगतो. त्यामुळे मलाही बायांचाच राग आला होता. तरी सही शनिवारपर्यंत थांबवा म्हटलं आणि चांगुणाबाईला गाठलं.

कोपराला फडकं बांधून ती बाजारात बसली होती. मी ऑर्डरचं सांगितलं. ती म्हणाली, "वल्सा घालून जाईस्तवर गिऱ्हाईक जेवून उठंल, सायेब. मंग आमी काय खायाचा?"

मग फुटपाथावरून चाल की, म्हटलं. ती उठली, माझ्या डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि वर मासळीची भरली पाटी. "चाला," म्हणाली.

बाजार बघत होता. मी ऐटीत निघालो. पन्नास पावलांवर पहिली गल्ली आली. तिथं फुटपाथ संपतो, खाली उतरायचं, गल्ली ओलांडून परत चढायचं. डोक्यावर पाटी असली की मान वाकवता येत नाही. कर्बची कड मला दिसेचना. पाय हवेत चाचपडला, पाटी कलंडली, पाणी कॉलरमधून थेट पाठीवर. चांगुणाबाईनं पाटी सावरली म्हणून वाचलो. अशा सात गल्ल्या होत्या. स्वतःच्याच कामाची मला मनापासून लाज वाटली.

तसाच साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"साहेब, चूक बायांची नाही, माझी आहे. प्रत्येक गल्लीशी पायरीऐवजी उतार करतो."

"आणि बैलगाड्या चढल्या म्हणजे?"

"तोंडाशी दगडी खुंट रोवतो. माणूस जाईल, गाडी अडेल."

आधी एक गल्ली करून दाखवा, म्हणाले. नऊ इंच चढायला आठेक फूट लांबीचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना तेवढा बसवला. शनिवारी सकाळी साहेब स्वतः येऊन उभे राहिले. चांगुणाबाई पुढे होती. तिनं पायाच्या अंगठ्यानं उतार चाचपला, क्षणभर थांबली आणि खुंटांमधून सरळ चालत गेली. मागून सगळ्या गेल्या. साहेबांनी ऑर्डर खणात ठेवली. फाडली नाही, माणूस सावध. महिन्याभरात बाकीच्या सहा गल्ल्या झाल्या.

पुढे नोकरीभर मी कुठलाही फुटपाथ पास करण्याआधी डोक्यावर ओझं घेऊन त्यावरून चालायचो. शिपाई हसायचे. हसू देत.

शेवटची गल्ली झाली त्या दिवशी चांगुणाबाई माझ्या शेजारून गेली. शाबासकी मिळेल म्हणून मी उभाच होतो. तिनं ना माझ्याकडे पाहिलं, ना अंगठ्यानं उतार चाचपला. चाचपायची गरजच उरली नव्हती.