कल्की बांधाकडं निघाला

बहिरूचा दिवस पहाटे चारला सुरू होई, कारण घोडीचा तेव्हाच सुरू होई. हंसा पांढरी होती, आणि पांढरं जनावर पांढरं ठेवणं काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं. रात्री ती लिदीत बसायची, सकाळी मांडीवर पिवळा डाग. तो खराऱ्यानं खरडायचा, कोमट पाण्यानं धुवायचा, फडक्यानं कोरडा करायचा. घाई केली तर डाग फिका होतो, जात नाही. नवरदेवाच्या आईला फिका डाग आधी दिसतो.

लग्नसराईत तो बेल्ह्यापासून ओतूरपर्यंत घोडी घेऊन हिंडे. डीजेच्या भिंतीपुढं जनावर शांत ठेवायचं, आणि जन्मात घोड्यावर न बसलेल्या पोराला फेट्यासकट वर टिकवायचं. सगळी वरात नाचते तेव्हा एक माणूस नाचत नाही, तो बहिरू.

घोडी जगायची हत्तीघासावर आणि हत्तीघास उगवायचा बांधावर. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्या लांबून दिसतात तिथं बहिरूची जमिनीची पट्टी, शेजारी सावळारामआबांचं रान. मधला बांध एके काळी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. आबा दर नांगरटीला ट्रॅक्टरवाल्याला सांगत, "घे जरा कडंनं." त्या जरा-जरानं बांधावर आता हंसाला एकामागं एक पाय टाकावा लागे. आणखी एक नांगरट झाली की घास गेला. घास गेला की घोडी विकायची. घोडी गेली की बहिरूनं काय करायचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मार्गशीर्षात गावात सप्ताह बसला. पुढारपण आबांकडं. कीर्तनाला आलेल्या बुवांनी युगं समजावली. धर्म हा बैल, म्हणाले. सत्ययुगात तो चार पायांवर उभा होता: तप, शुचिता, दया, सत्य. युगागणिक एकेक पाय गेला. कलियुगात सत्याचा तेवढा उरला, तोही लंगडतोय. शेवटी कल्की येणार, पांढऱ्या घोड्यावर, हातात तलवार, आणि अधर्माचा निकाल लावणार.

"कधी?" आबांनी विचारलं.

"अजून चार लाखांवर वर्षं आहेत."

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. एवढ्या वर्षांत किती नांगरटी होतील, हे बहिरू मागं बसून मनात मोजत होता.

त्या रात्री त्याला बेल्ह्याची वरात होती. डीजेवर ओरडून ओरडून घसा बसला. परतताना उजाडू लागलं होतं. धुकं असं की घोडीचे कान दिसेनात. थंडीमुळं तिची जरीची झूल त्यानं काढलीच नाही. स्वतः पांढरी शाल डोक्यावरून घेतली. घरी जाऊन परत यायचा हेलपाटा वाचवावा म्हणून खोगिराला अडकवलेला कोयता हातात घेऊन तो सरळ घास कापायला निघाला.

तिकडून आबा मोटार चालू करायला चालले होते. चष्म्यावर दव. पुढून घुंगरू वाजले.

"कोण हाये?"

"मी," बहिरू म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा निघाला.

आबांनी हात जोडले. "देवा, एवढ्यात? बुवा तर म्हणले लाखो वर्षं हायेत."

बहिरूला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि खाली उतरायचं त्याला सुचलं नाही.

"कुठं निघालात?" आबांनी विचारलं.

"बांधाकडं."

"माझ्या?"

"तुझा कुठला?"

"आन् ही तलवार?"

"कापायला."

आबा ओल्या रस्त्यावर बसले. बहिरूनं टाच मारली.

दुपारी बांधावर ट्रॅक्टर आला, माती मागं सारून बांध पुन्हा रुंद करू लागला. आबा स्वतः फावडं घेऊन उतरले होते. फावडं बरं मारलं त्यांनी, उगाच नावं ठेवायला नको. माती दाबली मात्र नाही. ते बहिरूनं नंतर केलं.

घरी त्याची बायको अंजना हसून हसून खाली बसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "अवं, पर खोटं बोललात का?"

"एक शब्द न्हाई."

"आन् खरं सांगितलं का?"

बहिरू खरारा शोधू लागला.

"बैलाला एक पाय उरलाय म्हणत्यात. त्याच्यावर बसून तुमी घोडीला चारा आणणार?"

संध्याकाळी तो देवळात गेला. आबांच्या गळ्यात हार होता, भोवती आसपासच्या वाड्यांची माणसं. "घोड्याच्या नाकातून धूर निघत व्हता," आबा सांगत होते.

बहिरू उभा राहिला. "आबा, ती हंसा व्हती. वर मी व्हतो."

साळुबाई म्हातारी पुढून म्हणाली, "बहिरू, तुला कल्की व्हायची लई घाई रं."

माणसं हसली. आबा म्हणाले, "तुझी घोडी. तो घोडा व्हता."

"तुमी वाकून बघितलं व्हतं का, आबा?"

आता बायकाही हसल्या. बुवांनी घाईनं गजर सुरू केला. बहिरूनं सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. लोकांनी ते ऐकून घेणं हे काही त्याच्या कामात येत नव्हतं.

प्रसादाच्या वेळी आबांनी त्याचं कोपर धरून खांबाआड नेलं. "चष्मा पुसून परत गेलो तवा रस्त्यात लीद दिसली मला. पर तवर निम्म्या गावाला सांगून बसलो व्हतो. आता पाया पडाय येत्यात माणसं. बांध तुझा, दर्शन माझं. पुन्हा उठू नगंस."

"आन् पुढल्या नांगरटीला?"

"त्या वेळंचं त्या वेळंला बघू."

हे ऐकून बहिरू रात्रभर जागा राहिला नाही, झोपला. सकाळी ओतूरला गेला आणि द्राक्षबागेला लावतात तसले सिमेंटचे खांब टेम्पोत घालून आला. काल्याच्या दिवशी पाहुणे 'ती जागा' बघायला बांधावर जमले, तेव्हा त्यानं दोरीचं एक टोक आबांच्या हातात दिलं. "देवानं दाखवली ती रेघ तुमीच धरा, आबा." एवढ्या माणसांत आबांना नाही म्हणवेना. दोरी ताणली गेली.

खड्डे बहिरूनं एकट्यानं खणले. गुडघ्याएवढा खड्डा खांबाला पुरत नाही, त्यानं मांडीएवढा घेतला. बुडाला दगड, मग माती, दर थराला पहारीनं ठोक. एक खांब तिरपा वाटला तो उपटून परत रोवला. त्या लग्नसराईत हंसाला नवा साज घ्यायचा होता. तो राहिला. वरातींच्या सगळ्या सुपाऱ्यांच्या पैशांचे खांब झाले.