राणीची आंघोळ

२०२० साली पद्मिनीबाई लेकाकडे आयर्लंडमधल्या लिक्सलिपला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये अडकल्या. काळवंडलेलं भांडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. सिद्धांतने हौसेने जमवलेली कॅनडाची जुनी तांब्याची नाणी तर काळीठिक्कर होती. एके दिवशी त्यांनी चिंच लावून एका नाण्यावरच्या राणीचं तोंड लखलखीत करून टाकलं.

सिद्धांतने घर डोक्यावर घेतलं. "आई, त्या काळेपणालाच तर भाव असतो. घासलं की भाव उतरला."

पद्मिनीबाईंनी उरलेली चिंच परत डब्यात ठेवली.

पुढे घरूनच काम करणारा सिद्धांत चार-चार दिवस त्याच टी-शर्टमध्ये वावरू लागला. सून रेवा वैतागून म्हणाली, "अरे, आंघोळ तरी कर."

"राहू दे गं," आमटीसाठी चिंच कोळता कोळता पद्मिनीबाई म्हणाल्या, "घासला की याचाही भाव उतरायचा."