चोराच्या घरचं विरजण

मोरीत बादली उपडी केली आणि तोकुजीला वास आला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

गोडसर, किंचित करपलेला, सोया सॉसचा आणि कोंबडीच्या चरबीचा वास. ओसाकातल्या तामात्सुकुरीच्या त्या गल्लीत त्यांचं भाजलेल्या कोंबडीचं दुकान लोक या वासावरून ओळखत. तो शेगडीवरून यायचा, धुराड्यातून यायचा, तोकुजीच्या सदऱ्यालाही यायचा. मोरीतून मात्र तो आजवर कधी आला नव्हता.

वर्षअखेरची साफसफाई चालली होती. त्याची बायको फुसाए नव्या वर्षाची खरेदी करायला बाजारात गेली होती. दर वर्षी करायचा तसंच तोकुजीने केलं. शेगडीजवळच्या मातीच्या भांड्यातला रस बादलीत काढून ठेवला आणि भांडं कढत पाण्याने खरवडून घेतलं. दुसऱ्या बादलीत धुराड्याची जाळी धुतलेलं पाणी होतं. तेही तसंच काळंकुट्ट, तसंच तेलकट. चष्म्यावर चरबी उडाली म्हणून तो काढून त्याने खिशात ठेवला होता. हात एका बादलीऐवजी दुसरीला गेला. एवढंच झालं.

पण एवढ्यात सगळंच गेलं. कोंबडीचे तुकडे काडीला लावायचे, निखाऱ्यांवर भाजायचे, त्या रसात बुडवायचे आणि पुन्हा भाजायचे. दिवसभरात जेवढा रस उणा होईल तेवढी रात्री नवी भर घालायची, पण जुना रस कधी पुरता संपू द्यायचा नाही. फुसाएच्या वडिलांनी युद्धानंतर पत्र्याच्या खोपटात दुकान थाटलं तेव्हापासून हे चालत आलं होतं. कालच्या दह्याने आजचं दूध लागावं तसा कालचा रस आजच्या रसाला लागत आला होता.

तोकुजी या घरचा नव्हता. तोत्तोरीच्या समुद्रकाठचा, माकूल मासळी वाळवणाऱ्यांच्या घरातला तो पोरगा. भांडी घासायला या दुकानात आला आणि राहिला. म्हाताऱ्याने त्याला आधी सुरी दिली, मग शेगडी दिली, शेवटी मुलगी दिली. मुलीबरोबर आडनावही दिलं. घरजावई झाला तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "दुकानाला आग लागली तर आधी ते भांडं उचल. मग बायको." सगळे हसले होते. तोकुजी हसला नव्हता. तेव्हापासून लोक त्याला मालक म्हणत आले, पण मनातल्या मनात तो राखणदारच राहिला. दुकान फुसाएचं, नाव तिच्या वडिलांचं, रसही त्यांचा. आपण फक्त सांभाळायचं.

आणि सांभाळता सांभाळता त्याने तो मोरीत ओतला होता.

त्याने घाईघाईने नवा रस उकळायला ठेवला. प्रमाण हाताला पाठ होतं. गार झाल्यावर चाखला. चांगला झाला होता. कुठल्याही दुकानात मिळतो तितका चांगला.

फुसाए पिशव्या घेऊन आत आली. "आज कशाला उकळतोयस?"

"भर घालायला करून ठेवतो."

"बरं," ती म्हणाली. तिने मोरीकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं आणि काळे घेवडे भिजत घालायला बसली.

तोकुजीला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नव्या वर्षात दुकान उघडेल तेव्हा पहिल्या स्टुलावर गोंदासान येऊन बसणार. गोंदा म्हणजे रोजचं गिऱ्हाईक, जहाजाच्या कारखान्यातला निवृत्त वेल्डर. कान गेलेले, पण जीभ शाबूत. पहिल्या घासालाच तो ओळखणार आणि ऐकू येत नाही म्हणून ओरडून विचारणार. तिथे फुसाए असणार. तिला काय सांगायचं? तुझ्या बापाची आयुष्यभराची कमाई मी चष्मा काढून ओतून टाकली?

पहाटे त्याला मासुओ आठवला.

मासुओ त्याच्या हाताखाली शिकलेला. दहा-अकरा वर्षांपूर्वी स्वतःचं दुकान काढायला निघाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याने थोडा रस मागितला होता. शिष्याला द्यायचीच पद्धत. तोकुजीने नकारार्थी मान हलवली होती. "माझा असता तर दिला असता. सासऱ्यांचा आहे. द्यायला मी कोण?" मासुओ वाकून नमस्कार करून गेला. मग काही महिन्यांनी गोंदासान क्योबाशीला त्याच्या दुकानात जाऊन आला आणि ओरडला, "मालक, डोळे मिटले तर वाटावं, इथेच बसलोय!" तोकुजीने दुसऱ्या दिवशी भरल्या मासळीबाजारात मासुओला गाठून चोर म्हटलं. मासुओने मान खाली घातली आणि एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

संध्याकाळी तोकुजी कोट चढवू लागला. "कोळसेवाल्याकडे जाऊन येतो. नव्या वर्षाचं सांगून ठेवायचंय."

"जा. पोटभर खाऊन ये," फुसाए म्हणाली.

"कोळसेवाल्याकडे?"

"मग काय उपाशी येणार? आणि हे घे." तिने घडी केलेलं जांभळं कापड त्याच्या खिशात कोंबलं. "वर्षअखेर आहे. कोणी काही दिलं तर बांधून आणायला बरं."

गल्लीच्या तोंडाशी छोटं देऊळ होतं. तोकुजी थांबला, रीतीप्रमाणे त्याने दोन टाळ्या वाजवल्या, मान लववली. वर्षाच्या शेवटी लोक देवाकडे काय काय मागतात. तोकुजीने मागितलं ते त्या देवाने आजवर ऐकलं नसेल. तो पोरगा खरंच चोर असू दे.

मासुओचं दुकान रेल्वेच्या पुलाखाली होतं. दाराशी लाल कंदील, आत बिअरच्या खोक्यांवर फळ्या टाकून केलेली बाकं, आणि कोपराला कोपर लावून बसलेली माणसं. दारावरचं कापड बाजूला सारताच अंगावर गलका आला.

"या, या, या! एकटेच? अहो सरका जरा, आजोबांना टेकू द्या!" डोक्याला पंचा बांधलेली, बिअरचे तीन मग एका हातात धरलेली बाई ओरडली. ही मासुओची बायको असावी. तोकुजीने तिला कधी पाहिलं नव्हतं.

शेगडीपाशी मासुओ होता. कानशिलं पांढरी झाली होती. त्याने वर पाहिलं, त्याचा हात क्षणभर थांबला, आणि मग कोणत्याही गिऱ्हाइकासाठी ओरडावं तसा तो ओरडला, "एक जण आत!" सगळ्या दुकानाने त्याला ओ दिली.

तोकुजी फळीपाशी अंग चोरून बसला. गरम ओला रुमाल आला. न मागता येते ती छोटी वाटी आली, त्यात शिजवलेला मुळा आणि माकूल होतं. ही वाटी त्याच्याच दुकानात थंडीत दिली जायची. तोत्तोरीची वाटी. ते पाहून त्याला जास्तच चोरट्यासारखं वाटलं. बिअर आली तशी त्याने बाटली उचलून ग्लासात ओतायला घेतली.

"अहो, अहो! हे काय?" शेजारच्या बाईने बाटली हिसकावली. रबरी बूट, अंगाला मासळीचा वास, आवाज लिलावातला. "आपल्या हाताने ओतून घेता? घरी कोणी नाही वाटतं?"

"आहे. बायको आहे."

"मग हाकललंय तिने?"

"अजून नाही," तोकुजी म्हणाला.

बाकावरची चार माणसं खो खो हसली. बाईने ग्लास काठोकाठ भरला. "प्या. अजून नाही म्हणे! माझ्या नवऱ्याला मी रोज हाकलते, मेला जेवायला परत येतो."

मासुओची बायको समोर आली. "काय देऊ आजोबा?"

"कोंबडीची मांडी. एक काडी." त्याने शेगडीकडे नजर टाकली. "रसातली."

"मांडी एक, रसातली!"

"मांडी एक, रसातली!" आतून प्रतिध्वनी आला.

मासुओने काडी निखाऱ्यावर ठेवली, उलटली, पुन्हा उलटली. मग शेजारच्या भांड्यात बुडवली. भांडं लहान होतं, पण काठावर काळी साय चढली होती. चरबी निखाऱ्यावर पडली, धूर उठला आणि तोकुजीने तो नाकात ओढून घेतला. वासावरून सांगता येत नाही. वास कोणालाही आणता येतो.

काडी समोर आली. त्याने पहिला तुकडा तोंडात घातला.

आधी धूर लागला. मग गोड. मग तुकडा गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी एक हलकीशी कडवट छटा उरली, जिला त्याच्याकडे इतक्या वर्षांत नाव नव्हतं. म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याला चमच्यावर चाखायला दिली होती तीच. तीच. तोकुजीचा जीव भांड्यात पडला. तो काडी हातात धरून तसाच बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं.

"भाजलं का तोंड?" मासळीवाल्या बाईने विचारलं.

"नाही. धूर गेला डोळ्यांत."

"माझ्या शेगडीचा धूर तिथवर येत नाही, मालक," मासुओ म्हणाला. इतक्या वर्षांनंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

तोकुजीने काडी खाली ठेवली. घरून येताना गाडीत त्याने बोलायचं सगळं जुळवलं होतं, थंडीचं, धंद्याचं, तब्येतीचं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. "मासुओ, खरं सांग रे," तो अजिजीने म्हणाला, "तू चोरलाच होतास ना हा?"

आसपासची बोलणी थांबली. "अगं बाई," मासळीवाली पुटपुटली.

"नाही, मालक."

"मग?"

"दिला होता मला. ज्यांच्या घरचा, त्यांनीच. मी निघालो त्या सकाळी मालकीणबाई मागच्या दाराने आल्या. लोणच्याच्या बरणीत रस भरून घेऊन."

"फुसाएने?" तोकुजीने काडी बाजूला सारली. "मग त्या दिवशी तू बोलला का नाहीस? मी भर बाजारात, सगळ्यांसमोर..."

मासुओने दोन काड्या उलटल्या. "त्या सांगायलाच निघाल्या होत्या. मीच हात जोडले. म्हटलं, मालकांना आधीच वाटतं, त्या घरात आपलं असं काही नाही. त्यात हे कळलं तर काय होईल? राहू दे, म्हटलं." मग त्याने डोक्यावरचा पंचा सारखा केला आणि हसला. "आणि माझं काय बिघडलं? चोरीचा रस कसा लागतो ते बघायला अख्खा बाजार लोटला. पहिल्या वर्षाचं भाडं त्यावरच निघालं."

"आम्ही त्यातलेच!" बाकाच्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं.

तोकुजी उठला आणि कमरेतून इतका वाकला की कपाळ फळीला टेकलं. "चुकलं माझं."

"अहो बसा, बाटली आडवी होईल."

"बसतो. पण आधी ऐक." आता थांबून उपयोग नव्हता. "मी आमचा रस मोरीत ओतला. सगळा. थेंब उरला नाही."

मासळीवाल्या बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मासुओने मात्र मान डोलावली, जणू पाऊस पडतोय असं कोणी सांगितलं असावं. त्याने फळीखाली हात घातला आणि झाकणाची मोठी बरणी वर काढून ठेवली. भरलेली होती.

"बांधायला कापड आणलंय ना?"

तोकुजीचा हात आपोआप खिशात गेला. जांभळं कापड निघालं. त्याने कापडाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं.

"काल दुपारीच फोन आला होता," मासुओ म्हणाला. "'येईल तो. आधी पोटभर खायला घाल, मग त्याला बोलू दे. आपणहून काही काढू नकोस.' काल संध्याकाळपासून दाराकडे बघून बघून मान अवघडली माझी. आता कलेजी खाणार का मांडीच अजून एक?"

तोकुजीने दोन्ही खाल्लं. त्यानंतर भाताचा गोळाही खाल्ला. मासळीवाल्या बाईने त्याचा ग्लास रिकामा म्हणून राहू दिला नाही. निघताना मासुओने कापडाच्या चार टोकांची गाठ स्वतः मारली आणि दारापर्यंत आला. "मालक, मोरीला जाळी बसवा."

"गाढवा," तोकुजी म्हणाला. असं त्याला म्हणून फार वर्षं झाली होती.

गाडीत त्याने बरणी मांडीवर धरली. समोर बसलेल्या बाईच्या कुत्र्याने टोपलीतून नाक बाहेर काढलं ते शेवटपर्यंत आत घेतलं नाही.

फुसाए घेवडे शिजवत होती. मागे न वळता तिने विचारलं, "काय म्हणाला कोळसेवाला?"

तोकुजीने बरणी तिच्यासमोर ठेवली. "तुला माहीत होतं."

"आपल्या मोरीतून इतका छान वास कधी आला होता?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. बोलला नाहीस, कोळसेवाल्याकडे निघालास." ती गाठ सोडू लागली. "आणि ते पोरगं तुझ्या हाताखाली शिकलं. द्यायचा तू होतास. तू दिला नाहीस म्हणून मी दिला."

"माझा नव्हता तो, फुसाए. तुझ्या बाबांचा होता."

आता ती वळली. "बाबांना जाऊन किती वर्षं झाली? रोज रात्री भर कोण घालतंय? मी तर कधी चमचाही बुडवला नाही. त्यात बाबांचा एखादा थेंब असेल तर असेल. बाकी सगळा तुझा आहे, येड्या. आपलाच ओतलास, आपलाच परत आणलास."

तोकुजीने भांडं पुसून कोरडं केलं, बरणी त्यात रिती केली आणि आदल्या दिवशीचा ताजा रस वरून सोडला. मग बराच वेळ लाकडी पळीने ढवळत राहिला. आधी दोन्ही रंग वेगळे दिसत होते. नंतर दिसेनात.

नव्या वर्षात दुकान उघडलं तेव्हा गोंदासान पहिल्या स्टुलावर हजर होता. तोकुजीने मांडीची काडी समोर ठेवली. गोंदाने डोळे मिटून चावलं, गिळलं, ओठ पुसले.

"मालक!" तो ओरडला. "परवाच त्या मासुओकडे खाल्ली. बरी होती. पण याची सर नाही! चोरीचं ते चोरीचं!"

फुसाए पदराआड तोंड लपवावं तशी अ‍ॅप्रन तोंडाला लावून आत पळाली. तोकुजी फळीवरून वाकला आणि गोंदासानच्या कानाशी, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "असं बोलायचं नाही, गोंदासान! तो माझ्या हाताखालचा आहे. आणि रस त्याला आमच्या घरातूनच दिलाय!"