हिराआत्याच्या घरची मोटर

ज्या सकाळी हिराआत्या गेली, त्या सकाळीही तिच्या घरची पाण्याची मोटर रोजच्या वेळेला चालू झाली होती. मी पुण्यात माझ्या खोलीवर एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उभा होतो. मोबाईलवर भिवंडीच्या आमच्या घराचा आलेख उघडलेला. छपरावरच्या सोलरची रेषा अजून जमिनीलाच टेकलेली, आणि घरातल्या वापराची रेषा नेहमीसारखी टुणकन वर उडालेली. मोटर लागली, म्हणजे आत्या उठली, जिना उतरली, सगळं ठीक आहे. मी निवांत तोंड धुतलं. शर्टाची बटणं लावत होतो तेवढ्यात खालच्या भाडेकरू रुखसानाभाभींचा फोन आला. "भैया, आप आ जाओ... मौसी..." एवढंच बोलून त्या रडायला लागल्या. आणि मी वेड्यासारखा त्यांच्याशी वाद घालत राहिलो. अहो असं कसं होईल, आत्ताच तर तिने मोटर लावली, मला इथे दिसतंय ना...

हिराआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती भिवंडीतल्या टेमघरला माहेरी परत आली ती कायमचीच. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते आत्याने, आणि वाढवलं म्हणजे अक्षरशः दामटून वाढवलं. ती तापट, मीही तापट. आमच्या घरातली भांडणं ऐकायला गल्लीतल्या बायका निवडायचं सूप घेऊन दारात येऊन बसत. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली रुखसानाभाभींचं कुटुंब. भाभींचे मिस्टर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची.

माझी कंपनी बंद पडली आणि मी जवळजवळ वर्षभर घरी बसून होतो, तेव्हाची ही सोलरची गोष्ट. रिकामं डोकं, त्यात विजेचं बिल आलं की आत्याचा चेहरा उतरायचा. संध्याकाळी ती दिवा न लावता ओटीवर बसून राहायची आणि विचारलं तर म्हणायची, "मना काय कुनाचा चेहरा वाचायचाय?" मी खटपट केली, कागदपत्रं गोळा केली, अनुदान मिळवलं आणि छपरावर पॅनल बसवून घेतले. माजघराच्या भिंतीवर इन्व्हर्टरचा पांढरा डबा आला. वर किती वीज तयार होते आणि घरात किती वापरली जाते, ते सगळं मला मोबाईलवर दिसू लागलं. हे मी मोठ्या कौतुकाने आत्याला सांगितलं आणि तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या डब्यावर तिने जुन्या टॉवेलचं झाकण शिवून घातलेलं. "त्यातून दिसतं म्हनतोस ना? मंग मी लुगडं कुठं बदलू?" मी हसून हसून लोळलो. त्यात कॅमेरा नाही, फक्त वीज मोजतो तो, हे तिला पटवायला मला आठवडा लागला. पटलं तरी टॉवेल काही तिने काढला नाही.

पहिलं बिल आलं ते इतकं कमी होतं की आत्या घाबरली. आमच्या भागात बिल अचानक कमी आलं की माणसाला आनंद होत नाही, पुढे दंडासकट वसूल करतील अशी धास्ती वाटते. मला न सांगता ती रिक्षा करून धामणकर नाक्याच्या पलीकडल्या बिलाच्या ऑफिसात गेली आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाली, माझं बिल कमी आलंय, तेवढं नीट करून द्या. तिच्या मागे रांगेत उभे असलेले सगळे बिल जास्त आल्याची तक्रार घेऊन आलेले. त्यांनी तिच्याकडे कसं पाहिलं असेल याची मी आजही कल्पना करतो. त्या बिचाऱ्या माणसाने कागद उलटसुलट करून तिला सांगितलं, "मावशी, बरोबर आहे हे. घरी जा आणि पंखा लावून झोपा." हे वाक्य तिला फार आवडलं. पुढे जो येईल त्याला ती ते ऐकवायची, त्या माणसाच्या आवाजात.

मग मात्र तिला सोलरचं वेडच लागलं. ऊन डोक्यावर आलं की "फुकटची वेळ झाली" म्हणायची. इस्त्री, मिक्सर, जे काय असेल ते भर दुपारी. मसाल्याच्या दिवसांत गल्लीतल्या बायका भाजलेल्या मिरच्या आणि खडा मसाला घेऊन दुपारी आमच्याकडे येऊ लागल्या, कारण हिराबाईकडे वीज उन्हाची. सगळ्या घरात मिरचीचा खाट उठायचा, सगळ्या शिंकायच्या, आणि आलेखात दुपारी एक छान टेकाड दिसायचं. आमच्या बाजूला लूममधून उडालेलं कापसाचं तूस हवेत इतकं असतं की पॅनलवर त्याचा पातळ थर बसतो आणि वीज कमी होते. म्हणून आत्या दर दोन दिवसांनी गच्चीवर जाऊन जुन्या साडीच्या फडक्याने पॅनल पुसायची, देवघरातले टाक पुसावेत तसे. ढग आला की त्याला शिव्या द्यायची. त्या दिवसांत मी बेकार होतो, खिशात दमडी नव्हती, आणि तरीही आज मागे वळून पाहिलं की वाटतं, तेच आमचे सुखाचे दिवस होते.

पुण्याची नोकरी लागली तेव्हा मी जायलाच तयार नव्हतो. सुरुवातीचे सहा महिने कच्चे, रजा घेतली तर साहेबाच्या नजरेत यायचं, आणि आत्याचं वय झालेलं. बाबांचं मला ठाऊक होतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं करायला म्हणून बाबांनी चांगली पक्की नोकरी सोडली आणि तशी पुन्हा त्यांना कधीच मिळाली नाही. आत्याला तर ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आमचं मोठं भांडण झालं. शेवटी मीच अट घातली. मोटरचं बटण खाली जिन्यापाशी आहे. रोज सकाळी चहा झाला की जिना उतरून मोटर लावायची. मला ती आलेखात दिसेल. "ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी मी काम टाकून निघून येईन. मग नोकरी गेली तरी चालेल."  ती उठली, माजघरात गेली आणि डब्यावरचा टॉवेल काढून घडी घालून ठेवला. "बघ आता," म्हणाली. "किती बघायचंय तेवढं बघ. पन जा."

त्या दिवसापासून रोज सकाळी मोटर लागायची आणि रोज संध्याकाळी फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दिसले का रं सकाली?" मी म्हणायचो, "दिसलीस." मग बाकीचं बोलणं. मे महिन्यात मी दोन दिवस घरी आलो तेव्हा ती मसाल्याच्या धांदलीत होती. जरा थकलेली वाटली, पण मसाल्याच्या दिवसांत कोण थकत नाही? निघताना म्हणाली, "सारखा सारखा येऊ नको. अर्धा पगार गाडीभाड्यात घालशील." ती आमची शेवटची भेट.

पावसाळा लागला आणि आलेखातलं दुपारचं टेकाड गेलं. मी विचारलं तर म्हणाली, "सगल्यांचे मसाले झाले, आता काय दगड वाटू?" फोनवरचं बोलणंही आखूड झालं. कधी म्हणायची कालवण उतू जातंय, कधी म्हणायची दारात कोण आलंय, आणि ठेवून द्यायची. पण मोटर... मोटर मात्र एकही दिवस चुकली नाही. मला आणखी काय हवं होतं? श्रावणात माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात पडलं आणि पहिला फोन तिला केला. तिने मला ते पत्र सबंध वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "आता ये रं नित्या. आता सवडीनं ये." रविवारी येतो म्हणालो. ती त्याआधीच गेली, झोपेतच.

दिवसकार्याला सगळे जमले. जो भेटायला येईल त्याला मी एकच सांगत होतो, शेवटपर्यंत हिंडतीफिरती होती, त्या दिवशीसुद्धा जिना उतरून मोटर लावली, मग वर येऊन पडली असणार. लोक म्हणायचे, भाग्याची, कुणाला हात लावू दिला नाही. मला त्याने बरं वाटायचं. रुखसानाभाभी दारात चहाचे कप गोळा करत असायच्या, त्या मान खाली घालायच्या. मला वाटायचं, दुःखाने.

तेरावं झाल्यावर मी गच्चीवर गेलो. टाकीखालच्या भिंतीवर हिरवंगार शेवाळ चढलेलं दिसलं, वरून खाली सबंध पट्टा. नुसत्या पावसाने असं होत नाही, टाकीचं पाणी रोज वाहून जावं लागतं. टाकीचं झाकण उचललं तर ती काठोकाठ भरलेली. या टाकीचं पाणी फक्त वरच्या घराला, खालच्यांचा नळ वेगळा. मग वरच्या घरात पाणी वापरलंच जात नव्हतं की काय? आणि वापरायचं नव्हतं तर आत्यासारखी काटकसरी बाई रोज मोटर लावेल कशाला? भाभी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. मी त्यांना सहज म्हटलं, टाकी वाहत होती वाटतं. त्यांनी हातातला कपडा परत बादलीत टाकला.

"भैया," त्या म्हणाल्या, "वो मोटर तो मैं लगाती थी."

मला आधी कळलंच नाही. मग त्या बोलत राहिल्या आणि मी टाकीला टेकून ऐकत राहिलो. पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून आत्याच्या पायांना सूज होती, चार पावलं टाकली की धाप लागायची. जिना उतरणं बंदच झालं होतं. भाभींनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि धामणकर नाक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, घरचं माणूस बोलवा, ॲडमिट करा. आत्या म्हणाली, घरचं माणूस कामावर हाय. गोळ्या घेऊन परत आली. आणि भाभींना जवळ बसवून शपथ घातली, सकाळी मोटर लागलीच पाहिजे. "मैं बोली, मौसी, भैया को बता देते हैं. तो बोलीं, उसकी नौकरी पक्की होने दो. एक बार इस घर में नौकरी छूटी है, दोबारा नहीं छूटेगी." त्या सकाळीही भाभींनी आधी मोटर लावली होती आणि मग चहा घेऊन वर गेल्या होत्या.

मला राग आला. इतका राग मला तिचा ती जिवंत असतानाही कधी आला नव्हता. गच्चीवर उभं राहून मी रिकाम्या हवेत तिला ओरडलो, तू कोण ठरवणारी? मला विचारलंस का? नोकरी काय, दुसरी मिळाली असती... भाभी घाबरून जिन्यापर्यंत मागे गेल्या. उत्तर द्यायला समोर कोणी नव्हतं. आमच्या आयुष्यातलं हे पहिलं भांडण, ज्यात ती एक शब्दही बोलली नाही, आणि जिंकली. मी तिथेच ओल्या लादीवर बसून रडलो. भाभींनी पाणी आणून दिलं. त्यांच्यावर रागवायचं माझ्याच्याने झालं नाही. आम्ही तिचे रक्ताचे, पण तिचे सुजलेले पाय रोज चेपले ते त्यांनी.

मी पुण्याला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मोबाईल उघडला. घरातल्या वापराची रेषा आडवी पडलेली. फ्रिज बंद, पंखा बंद, मोटर बंद. थोड्या वेळाने ढग विरळ झाले असावेत, सोलरची रेषा हळूहळू चढू लागली. सूर्य त्याच्या परीने तिच्या छपरावर वीज तयार करत होता आणि ती सगळी खांबावरच्या तारांतून बाहेर निघून जात होती, कुणाच्या तरी घरी. पुढचे काही दिवस मी ते बघत राहिलो. एकदा ॲप काढूनच टाकायला गेलो, पण ते जमलं नाही. शेवटी एका सकाळी भाभींना फोन लावला.

"भाभी, जरा मोटर लगाओगी?"

"टंकी तो भरी है, भैया."

"मालूम है. फिर भी."

त्यांनी हातातली बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ठीक है. पाइप जोड देती हूँ, पॅनल भी धुल जाएँगे. मौसी होतीं तो पानी बहाने नहीं देतीं."

आता रोज सकाळी त्या मोटर लावतात. आम्ही त्यावर कधी बोलत नाही. त्या पाण्याने पॅनलवरचं तूस धुऊन काढतात. मला सगळं ठाऊक आहे... बटण कोणी दाबलं, पाणी कुठे चाललंय, वरच्या घराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात आहे. तरी मी ब्रश हातात धरून उभा असतो, ती छोटी रेषा टुणकन वर उडेपर्यंत. उडाली की मोबाईल खाली ठेवतो आणि मोठ्याने म्हणतो, "दिसलीस."